चैत्र आणि किल्ल्यातले वाफे



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा आम्ही फोनवर दोनदा विचारून घेतलं. विषय काय, तर थंड प्रदेशातल्या घरबागेत वसंतात फुलणारी फुलं. आणि व्याख्यान कुठे, तर शनिशिंगणापुरात, भर चैत्रात, दुपारी चार वाजता! मांडवाबाहेर नजर टाका. ऊस सोडला तर हिरवं असं फार थोडं दिसतंय. ते म्हणाले, "सर, मुलाखतीत तुम्हीच म्हणाला होतात की असल्या बागेची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडलीय." म्हणालो होतो खरे. बोललेलं अंगाशी येतं ते असं.

तर आज ती गोष्ट. ती घडली इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, नगरच्या किल्ल्यात. पण किल्ल्यात शिरण्याआधी इथल्या एका झाडाकडे बघू. या गावाबद्दल जे तीन वाक्यांत सांगतात ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. देव आहे पण देऊळ नाही, घर आहे पण दार नाही, झाड आहे पण सावली नाही. यातलं झाड म्हणजे कडुनिंब. श्रद्धेच्या बाजूबद्दल आम्ही बोलणार नाही, तो आमचा अधिकार नाही. आमचं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. या दिवसांत कडुनिंबाला मोहोर येतो. बारीक, पांढुरका, जवळ गेल्याशिवाय दिसतही नाही. संध्याकाळी मात्र वासावरून कळतो. पाडव्याला आपण तोच गूळ-ओव्याबरोबर चावतो. आपला वसंत असा आहे. पळस, पांगारा, सावर ही झाडं पानं टाकून देतात आणि उघड्या फांद्यांवर फुलं आणतात. जमीन तापत जाते तसा आपला वसंत वर चढतो.

थंड देशात हे अगदी उलट. तिथे जमीन महिनोन् महिने गोठलेली असते. ट्यूलिप, डॅफोडिल यांचे कंद मातीत दडून बसलेले असतात आणि त्यांना ती थंडी नुसती सोसायची नसते, ती त्यांना लागतेच. बारा-चौदा आठवडे गारठा मिळाला नाही, तर कंदाच्या आतला फुलाचा दांडा वर येत नाही. सफरचंदाच्या डोळ्यांचंही तसंच. थंडीचा हिशेब पुरा झाला की मग ऊब, मग फूल. म्हणून तिकडच्या माणसाला वसंत म्हणजे सुटका वाटते. आपल्याकडे सुटकेचा ऋतू पावसाळा. वसंत हा आपल्याकडे उन्हाळ्याचा उंबरठा. कोकीळ गाते तेव्हाच विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं.

(इथे एक कबुली देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही श्रीनगरहून ट्यूलिपचे सहा कंद आणले. पुस्तकात वाचून ते दहा आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. घरात काय काय ऐकावं लागलं ते सांगत नाही. एकदा तर त्यातला एक कांदा म्हणून चिरायचाच राहिला होता. डिसेंबरात कुंडीत लावले. एकालाच फूल आलं, चार बोटं उंचीचं, आणि तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळाल्या. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असल्यामुळे आम्ही त्यावर निदान विचार तरी केला.)

आता प्रश्न असा की थंड देशाच्या वसंताची कल्पना आपल्या या कोरड्या पठारावर आली कशी आणि रुजली कशी. आमच्या मते ती दोनदा आली.

पहिल्यांदा आली इराणी वळणाने. अहमद निजामशहाने १४९० नंतर नगर वसवलं. पुढच्या शंभर वर्षांत या दरबारात इराणहून विद्वान आले, कारागीर आले, कवी आले. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातले शाह ताहिर हे त्यांतलं मोठं नाव. या लोकांच्या मनातली बाग म्हणजे भिंतीआड, मधोमध पाणी, बाजूंना वाफे आणि नवरोजला उमलणारी फुलं. बाबराचीही तीच तऱ्हा. हिंदुस्थानात चांगली द्राक्षं नाहीत, खरबूज नाहीत, वाहतं पाणी नाही, अशी तक्रार तो आत्मचरित्रात करतो आणि जाईल तिथे आखीव बाग लावत सुटतो. नगरला सोळाव्या शतकात हश्त बिहिश्त बाग झाली, मग फराहबाग झाली. फराहबागेचा अष्टकोनी महाल आणि त्याभोवतीचा तलाव आजही बघता येतो. तलाव कोरडा असेल, पण अंदाज येतो.

या बागांचं खरं आश्चर्य महालात नाही, जमिनीखाली आहे. आपल्याकडे वर्षाला पाऊस जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. तेवढ्यावर इराणी बाग जगत नाही. म्हणून डोंगरपायथ्याच्या विहिरींपासून शहरापर्यंत मातीच्या भाजक्या नळांतून पाणी आणलं. नगरकर त्यांना खापरी नळ म्हणतात. कापूरवाडीचं पाणी, भिंगारचं पाणी असं ओळखूनच बोलत असत. परका वसंत आणायचा तर आधी पाणी आणावं लागतं, हे त्या लोकांना नीट कळलं होतं. पुढे राज्य गेलं, नळ तुंबले, बागा वाळल्या.

दुसऱ्यांदा ती आली साहेबाबरोबर. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे छावणी आली, बंगले आले, बंगल्यांपुढे फुलांचे वाफे आले. साहेबाने इराण्यांपेक्षा एक वेगळी युक्ती केली. त्याने ऋतूच सरकवला. विलायतेत मार्चमध्ये पेरतात ते बी इथे पाऊस संपताच, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरायचं. आपली थंडी ती काय थंडी, पण त्या रोपांना ती विलायतच्या वसंतासारखी वाटते. डिसेंबर-जानेवारीत पॅन्सी, फ्लॉक्स, हॉलीहॉक, स्वीट पी भरभरून फुलतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या गणेशखिंडच्या बागेचे अधीक्षक वुड्रो यांनी भारतातल्या बागकामावर पुस्तकच लिहिलं आणि ते पुन:पुन्हा छापलं गेलं. आजही पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन जानेवारीत भरतं. नर्सरीत आपण ज्यांना 'हंगामी फुलं' म्हणतो ती बहुतेक हीच. त्यांतली सगळीच विलायती नाहीत. पिटुनिया दक्षिण अमेरिकेतलं, नॅस्टर्शियमही तिकडचंच. पण बंगल्यापर्यंत आली ती साहेबाच्या हातून.

म्हणजे बघा, परक्यांचा वसंत आपल्याकडे हेमंत-शिशिरात येतो आणि आपला वसंत सुरू होतो तेव्हा तो संपतो. फाल्गुनात ऊन तापलं की ही झाडं खालून पिवळी पडायला लागतात. चैत्रात वाफा वाळतो आणि शेजारचा कडुनिंब मोहोरतो. एकाच अंगणात दोन वसंत, पण दोघांची गाठ पडते ती जेमतेम, एक निघताना आणि दुसरा येताना.

आता किल्ल्यात जाऊ.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. कार्यकारिणीच्या बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणलं. मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. बाहेर देश पेटलेला आणि आत एक चौकोनी अंगण, चहूबाजूंनी खोल्या. जगण्याला काहीतरी आकार द्यायचा म्हणून माणसं कामाला लागली. कुणी लिहायला बसलं, कुणी शिकायला बसलं, आणि अंगणात बाग करायची ठरली.

नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' याच किल्ल्यात लिहिलं, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं. पण त्याची पहिली पानं फार थोडे लोक लक्ष देऊन वाचतात. तारीख आहे १३ एप्रिल १९४४. म्हणजे चैत्रच. तिथे ते बागेबद्दल लिहितात. रोज कित्येक तास, ऊन असलं तरी, आपण फुलांचे वाफे खणतो, असं सांगतात. जमीन वाईट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. खणताना जुन्या भिंती लागतात, गाडल्या गेलेल्या इमारतींच्या घुमटांचे माथे लागतात. एकदा तर एका भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ लागलं. खोल खणायला मात्र सरकारची परवानगी नव्हती, हत्यारंही नव्हती. मग त्यांना चांदबिबी आठवते. तिने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध हा किल्ला लढवला आणि १६०० मध्ये आपल्याच लोकांच्या हातून ती मारली गेली.

आम्ही हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा आमचं सगळं लक्ष त्या कमळावर गेलं. तरुण होतो, प्रतीकं आवडायची. आता म्हातारपणी लक्ष जातं ते खणण्यावर.

बागकाम केलेल्याला एक गोष्ट आपोआप कळते. बी पेरणारा माणूस फुलाच्या दिवसापर्यंत आपण तिथेच असू, असं धरून चालतो. घरी यात विशेष काही नाही. पण तुरुंगात? ऑक्टोबरात फ्लॉक्सचं बी पेरणारा कैदी जानेवारीतही आपण आतच असणार, हे मान्य करून पेरतो. आणि हे कैदी कोण, तर इंग्रजांनी ताबडतोब चालतं व्हावं म्हणणारे! घोषणा 'आत्ता'ची आणि हातात तीन महिन्यांनी फुलणारं बी. यात आम्हाला विसंगती दिसत नाही. उलट आम्हाला वाटतं की वाट बघण्याची सवय हाताला लागली नसती, तर ही माणसं इतकी शाबूत राहिली नसती. हे आमचं मत झालं. तिथे राग होता, मतभेद होते, आजारपणं होती. बागेने ती मिटवली असं कुणी म्हणू नये.

त्याच अंगणात नरेंद्र देव वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'चं हिंदी भाषांतर करत होते. आमचा विषय म्हणून एक मिनिट घेतो. कायम टिकणारा आत्मा नाही, सगळं क्षणाक्षणाला बदलतं, तर मग आज केलेल्या कर्माचं फळ उद्या मिळतं कुणाला? वसुबंधू या प्रश्नाला उत्तर देताना बीचाच दाखला देतो. बीमधून एकदम फळ येत नाही. बी, अंकुर, खोड, पान, फूल असा बदलांचा प्रवाह असतो आणि त्या प्रवाहाच्या शेवटच्या वळणावर फळ असतं. वर्गात हे शिकवताना आम्ही फळ्यावर बाण काढत असू. नरेंद्र देवांना फळ्याची गरज नव्हती, दाराबाहेर वाफे होते. त्यांनी तसा संबंध जोडला असेल की नाही, हे सोडून देऊ.

आता मौलाना आझाद. यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी आहे. त्यांनी किल्ल्यात मित्राला, हबीबुर रहमान खान शेरवानींना, पत्रं लिहिली. पाठवायची सोय नव्हती, म्हणून ती तशीच राहिली आणि १९४६ मध्ये 'गुबारे खातिर' या नावाने छापून आली. आमचं उर्दू कच्चं. एका मित्राने शेजारी बसून ती आम्हाला वाचून दाखवली, त्याचे उपकार आहेत. पहाटेच्या चहाबद्दल त्यात पानंच्या पानं आहेत. किल्ल्याच्या अधिकाऱ्याला मौलानांनी 'चीता खान' हे नाव ठेवलं होतं, चांदबिबीच्या काळातल्या हबशी किल्लेदाराचं. एवढ्या बंदोबस्तातही इतिहासाची अशी थट्टा सुचावी!

१९४३ च्या मार्चमध्ये मौलाना अंगणातल्या फुलांबद्दल लिहितात, बुलबुलांबद्दल लिहितात, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी चाललेल्या भांडणाबद्दल लिहितात. मौलानांचं मन फारसी कवितेवर वाढलेलं. त्यांच्या वसंतात गुलाब आणि बुलबुल यायलाच हवेत. अंगणात मात्र विलायती बियांची हंगामी फुलं, आणि बुलबुल आपला इकडचा, शेपटीखाली लाल असलेला. म्हणजे इराणी वसंत आणि साहेबाचा वसंत, ज्या दोघांबद्दल आम्ही मघापासून बोलतोय, ते या एका तुरुंगात समोरासमोर आले. आणि भेटीचा महिना मार्च! हंगामी फुलांचे शेवटचे दिवस.

९ एप्रिल १९४३ ला कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. चैत्र नुकताच लागला होता. त्या बरेच दिवस आजारी होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती पोचवू, असं अधिकाऱ्याने सुचवलं होतं. मौलानांनी विनंती करायचं नाकारलं. बातमी आली तेव्हा रोजचा क्रम त्यांनी बाहेरून तरी मोडू दिला नाही. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून किती प्रयत्न करावा लागला, तेही त्यांनी पत्रात लपवलेलं नाही. त्याच पत्रात ते एका जुन्या कबरीबद्दल सांगतात. आवाराच्या आत ती होती, कुणाची ते माहीत नव्हतं. आल्यापासून शेकडो वेळा नजरेला पडलेली. आता मात्र तिच्याकडे पाहिलं की काहीतरी नव्या प्रकारची जवळीक वाटते, आदल्या संध्याकाळी आपण बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो, असं ते लिहितात.

हे पत्र ऐकताना मित्र मध्येच थांबला होता. आम्हीही काही बोललो नाही.

मौलानांच्या दु:खाची आणि फुलांची आम्ही जोडणी करत नाही. पण बागेचा हिशेब मांडला तर दिसतं ते असं. एप्रिलचा दुसरा आठवडा, नगरची हवा, दगडी भिंतींची धग. त्या दिवसांत हंगामी फुलांच्या वाफ्यात उभं काय राहणार? वाळक्या काड्या. महिन्याभरापूर्वी ज्या बागेबद्दल रंगून लिहिलं ती ऋतूच्या नियमाने संपत आलेली असणार. काश्मीरमध्ये किंवा इराणात एप्रिल म्हणजे बहर. शोक करणाऱ्याभोवती निदान बाग फुललेली असते. आणलेल्या वसंताने ऐन वसंतात साथ सोडावी, हे दख्खनमध्येच होतं. त्या काळात त्या कैद्यांसाठी काही फुलत असेल, तर किल्ल्यात वा भिंतीपलीकडे, न लावता वाढलेलं एखादं इकडचं झाड.

नेहरूंना दुसरा वसंत माहीत होता. देहरादूनच्या तुरुंगातल्या वसंताचं वर्णन त्यांच्या आत्मचरित्रात आहे. हिवाळ्याने उघडी केलेली झाडं, तुरुंगाच्या फाटकासमोरचे पिंपळ आणि ऊब लागताच फुटलेली पालवी. पायथ्याला असलं तरी ते हिमालयाच्या थंड हवेचं गाव. तिथे तुरुंगातला माणूससुद्धा वसंतात वर बघतो. नगरला तेच नेहरू चैत्रात खाली बघतायत आणि दगड उपसतायत. २८ मार्च १९४५ ला त्यांना नगरहून हलवलं आणि जूनमध्ये त्यांची सुटका झाली ती अलमोड्याहून, म्हणजे पुन्हा थंड डोंगरातून.

एक कोडं मात्र आम्हाला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. १३ एप्रिलला, भर उन्हात, हा माणूस फुलांचे वाफे खणतोय कशासाठी? त्या दिवसांत पेरून काय उगवणार? आम्ही त्यावर एका लेखात पानभर तत्त्वज्ञान लिहिलं होतं. फळाची आशा न धरता केलेलं कर्म वगैरे. गीता होती, नेवासं जवळ म्हणून ज्ञानेश्वरीही होती. १२९० साली जिथे ती लिहिली गेली ते नेवासं आपल्या तालुक्याचं गाव. तिच्या पहिल्याच अध्यायात, बागेत वसंत आला की वनशोभेची खाण कशी उघडते, हा दृष्टान्त येतो. तोही त्या लेखात बसवला. लेख बरा होता, लोकांनी कळवलंही तसं.

आज दुपारी जेवणानंतर इथल्याच एका शेतकरी दादांना हे कोडं सांगितलं. वय आमच्याएवढंच असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय कोडं? चैत्रात खणायचं नाही तर कधी खणायचं? जमीन उन्हात तापली पायजे. किडं मरत्यात, तणाची मुळं जळत्यात. पावसात ढेकूळ आपोआप फुटतं. मशागत म्हणत्यात त्याला, सर."

आम्ही विचारलं, "पण दादा, पुढच्या हंगामाला आपण तिथे असू की नसू, हे त्यांना कुठे माहीत होतं?"

दादा म्हणाले, "आमाला तरी कुठं माहीत असतं? नांगरट तर करतोच ना."

मागून त्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय. अंगणात पॅन्सी लावायची तर बी कधी टाकायचं, असं विचारलंय. दसरा झाला की टाका, ताई. मोरीचं साबणाचं पाणी घालू नका. आणि दादांचं ऐका, वाफा आत्ताच खणून ठेवा.